बाकोआनं दिलेली खुर्ची

बाकोआच्या घरात गेल्या बावीस वर्षांत एकही वस्तू जुनी झाली नव्हती. जुनी व्हायला वस्तू आधी घरात टिकावी लागते. संसदेचं अधिवेशन आटोपून तो राजधानी तारावाहून आपल्या बिकेनूका बेटावर परत यायचा, तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असायचंच. कधी नवी बादली, कधी विजेरी, एकदा तर चक्क शिवणयंत्र. विमानपट्टीपासून घरापर्यंतच्या दोन मैलांत निम्मं सामान वाटेतच उतरायचं. उरलेलं घरी पोचायचं आणि त्याच्या मागोमाग मागणारे पोचायचे.

"दादा, बादली झकास आहे हो," कुणीतरी माचाच्या कडेला टेकून म्हणायचं. "आमची मेली गळते. बुबुती करते मी तुम्हाला."

झालं, बादली गेली. बिकेनूकावर नात्यातल्या माणसानं बुबुती म्हणून काही मागितलं, की नाही म्हणायची सोय नाही. म्हणता येतं तसं, जीभ काही कुणी धरत नाही. पण मग नाही म्हणणाऱ्याला बेटावर तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि चौदाशे वस्तीच्या बेटावर नात्याबाहेरचा माणूस शोधायला निघालं तर एक पाद्री सापडेल, तोही दुसऱ्या बेटावरून आलेला.

बाकोआची बायको तिरियाता कमरेवर हात ठेवून हे सगळं बघायची. तिची जीभ धारदार होती आणि ती वापरायला ती कधी लाजली नाही. शिवणयंत्र तिच्याकडे नऊ दिवस राहिलं. तेवढ्यात तिनं दोन चुण्यांची पोलकी शिवली, तिसऱ्याची एक बाही शिवली, आणि दहाव्या दिवशी बाकोआच्या चुलतबहिणीनं यंत्र मागून नेलं.

"आता दुसरी बाही कोण शिवणार? संसद?" तिरियातानं विचारलं.

"मागितलं तिनं," बाकोआ म्हणाला. त्याचं उत्तर नेहमी हेच असायचं.

पण खरं सांगायचं तर तिरियाता आतून या माणसाला थोडी भ्यायची. वचकून नव्हे, नवलानं. हा माणूस खोबरं मोजायच्या शेडमध्ये काट्यावरचा कारकून होता. छत्तिसाव्या वर्षी कुणीतरी म्हणालं म्हणून निवडणुकीला उभा राहिला. समोरच्या दोघांनी मोठमोठी भाषणं केली. हा घरोघर गेला, रिवाजाप्रमाणे तंबाखूची कांडी पुढे ठेवली, मांडी घालून बसला, नीरा प्यायला, उठला आणि निघून आला. मत द्या असं तो एका घरातसुद्धा म्हणाला नाही. तिरियाता रात्रंदिवस त्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडत होती आणि मतमोजणीत बाकोआ दुपटीनं निवडून आला. ती धरून आजवर पाच वेळा.

तो मासेमारी खात्याचा मंत्री झाला तेव्हाची गोष्ट तर ती अजून कुणाला सांगायला लागली की मध्येच थांबते. आपल्या समुद्रातला कुपा मासा पकडायला दूरदूरच्या देशांची पोलादी जहाजं येतात. त्यांच्याशी करार करायला बाकोआ उसना कोट घालून परदेशी गेला. समोर चाळीस माणसं, कागदांचे ढीग, दुभाषे. त्यांनी आपला आकडा सांगितला. बाकोआ गप्प बसला. त्यांना वाटलं, विचार करतोय. तासभर झाला तरी हा गप्प. त्यांनी आकडा वाढवला. हा गप्प. जेवण झालं, चहा झाला, दिवस कलला. तिसऱ्यांदा आकडा वाढला तेव्हा बाकोआनं मान हलवली आणि सही केली. त्या एका दिवसाच्या गप्प बसण्यातून अकरा बेटांवर दवाखाने उभे राहिले.

"एवढा वेळ काय विचार करत होतात?" तिरियातानं त्याला नंतर विचारलं होतं.

"काही नाही. मानेआबात सभेला आपले म्हातारे बसतात, तसा बसलो होतो."

त्या वेळी ती भांडी घासत होती. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. या माणसाबरोबर आपण एका ताटात जेवतो, याच्या पाठीला तेल चोळतो, आणि हा नक्की केवढा आहे ते आपल्याला ठाऊकच नाही, असं तिला वाटलं. मग अर्थातच ती म्हणाली, "तिथे गप्प बसून आकडा वाढवता, आणि इथे गप्प बसून माझी भांडी घालवता." पण हे नुसतं म्हणायला.

यंदा गोष्ट फारच वर गेली होती. देशाचा अध्यक्ष निवडायचा तर आधी संसदेतले सभासद आपल्यातलीच तीनचार नावं ठरवतात आणि मग सगळ्या बेटांवरची माणसं त्यातलं एक निवडतात. सहा महिने पत्रं येत होती, निरोप येत होते. उत्तरेकडच्या बेटांचे म्हातारे बाकोआच्या नावाला तयार होते, दक्षिणेकडचे तर कधीपासूनच. बिकेनूकासारख्या चिमुकल्या बेटावरचा माणूस त्या खुर्चीजवळ आजवर फिरकलासुद्धा नव्हता. आता फक्त एकच पायरी मध्ये होती. बाकोआनं बिकेनूकाची एकुलती एक जागा सहाव्यांदा जिंकायची. ती तर खिशातच होती. अर्ज भरायची मुदत शुक्रवारी चार वाजेपर्यंत. गुरुवारी दुपारी सगळ्या बेटानं मानेआबात जमून त्याला आशीर्वाद द्यायचे आणि शुक्रवारी सकाळी त्यानं जाऊन अर्ज द्यायचा, असं ठरलं होतं.

दुसरा एक अर्ज आधीच आला होता, तामुएराचा. हा बाकोआच्या मावसबहिणीचा मुलगा, म्हणजे भाचाच. चौतीस वर्षांचा, बारा वर्षं तारावात शिकवणारा मास्तर. तिथल्या एका पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्याला हाताशी धरून दहा दिवसांपूर्वी विमानानं पाठवलं होतं. त्याच्याबरोबर छापील सदऱ्यांची दोन खोकी होती. लोकांनी सदरे घेतले, अंगात घातले आणि सांगितलं, "बाळा, मत मामालाच हो." तामुएरा हसायचा. त्यालाही ते ठाऊक होतं.

गुरुवारी मानेआबा गच्च भरला. बिकेनूकाचा मानेआबा मोठा आहे. पोवळ्याच्या दगडाचे खांब, वर झावळ्यांचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की आत शिरताना प्रत्येकाला वाकावंच लागतं, मंत्री असो की मासेवाली. ज्या घराण्याची बसायची जागा ज्या वाशाखाली, तिथेच ते घराणं बसतं. पुढे म्हातारे, मागे बाकीचे. निरफणस, अळकुड्या, नारळाच्या रसातले मासे केवड्याच्या चटयांवर मांडलेले. बाकोआच्या डोक्यावर मुलींनी फुलांचं कडं चढवलं होतं आणि त्याखाली त्याचा रापलेला चेहरा घामानं चमकत होता. तिरियाता त्याच्या मागे चार हातांवर बसली होती. त्या दिवशी तिच्या जिभेला सुट्टी होती. तिला सारखं भरून येत होतं.

म्हातारा तेबाऊ, सगळ्यात वयस्क, बोलायला तोंड उघडणार तोच तामुएरा आपल्या जागेवरून उठला. कमरेत वाकून, हात खाली सोडून, वडीलधाऱ्यांसमोरून जावं तसा तो मधली मोकळी जागा ओलांडून आला आणि बाकोआच्या समोर मांडी घालून बसला.

"मामा."

"बोल."

"मामा, मी बुबुती करतो." त्यानं घसा साफ केला. "या निवडणुकीतली तुमची खुर्ची मला द्या. तुम्ही उभं राहू नका."

आधी कुणीतरी हसलं. मागच्या बाजूला एका बाईनं "काय म्हणाला?" म्हणून विचारलं. मग बाहेर खडकावर फुटणारी लाट जवळ आल्यासारखी वाटली.

आजवर बुबुतीत माणसांनी होड्या मागितल्या होत्या, डुकरं मागितली होती, एकदा एकीनं दत्तक घ्यायला मूल मागितलं होतं आणि तेही मिळालं होतं. पण असलं मागणं कुणी ऐकलं नव्हतं. हे त्या मास्तरड्याचं डोकं नव्हे, हे तिरियाताला लगेच कळलं. तारावातल्या कुणीतरी हुशार माणसानं बसून विचार केला होता: बाकोआला मतांनी पाडता येत नाही, मग कशानं पाडता येईल? जो कधी नाही म्हणाला नाही, त्याच्याकडे मागायचं.

तेबाऊलाही तेच कळलं होतं. म्हाताऱ्यानं काठी आपटली. "बाकोआ, हे मागणं नव्हे. हा पढवून पाठवलेला डाव आहे. तू नाही म्हण. आम्ही सगळे साक्षीला आहोत, कुणी तुला बोल लावणार नाही."

"म्हणा नाही!" तिरियाताची शेजारीण किमारोआ मागून ओरडली. बायकांनी मानेआबात असं ओरडायचं नसतं, पण सत्तरी ओलांडलेल्या किमारोआला हे सांगणार कोण? "अरे मेल्या, मामाच्या विरुद्ध सदरे वाटलेस तेवढं पुरे नाही झालं?"

बाकोआ गप्प बसला होता. तिरियाताला त्याची फक्त पाठ दिसत होती. ती मनात म्हणत होती, नाही म्हणा, एकदाच, जन्मात एकदा नाही म्हणा, दार उघडं करून दिलंय सगळ्यांनी. तिच्या हातातल्या पंख्याची पात तिनं कधी मोडली ते तिलाही कळलं नाही.

मग बाकोआनं विचारलं, "तुला हवी आहे का रे, की कुणी मागायला लावली?"

तामुएरानं मान खाली घातली. "दोन्ही, मामा."

बाकोआनं मान डोलावली. खरं उत्तर मिळाल्यावर माणूस डोलावतो तशी. मग त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावरचं फुलांचं कडं काढलं, तामुएराच्या डोक्यावर ठेवलं आणि बादली देताना म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला, "घे."

एवढंच. मग तो मानेआबाकडे वळला. "पढवून मागितलं, खोटं मागितलं, मोठं मागितलं, हे बघून द्यायला लागलो तर उद्या कुणी निरफणस मागितला तरी आपण आधी मागणाऱ्याचं तोंड बघू. मला ते नको आहे. माझ्यानंतरही नको आहे. चला, जेवण निवतंय."

कुणी जेवणाला हात लावला नाही. तेबाऊ म्हातारा तोंड उघडं टाकून बाकोआकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तामुएरा डोक्यावर कडं घेऊन तसाच बसून होता; उठायचं कसं हे तो विसरला होता. तिरियाताच्या अंगावर काटा आला. खडकाच्या कडेवर उभं राहून पहिल्यांदा खालचं निळंकाळं पाणी बघताना लहानपणी तिला जे वाटलं होतं, ते तिला आपल्या नवऱ्याच्या पाठीकडे बघून वाटलं. तिला त्याचा संताप आला होता, आणि तरी तिथून उठून त्याच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

घरी आल्यावर संताप वरचढ ठरला.

"बादल्या दिल्यात. शिवणयंत्र दिलंत. माझ्या आईची चटई दिलीत. आज काय, देश दिलात!"

"मागितलं त्यानं."

"अहो, पण सगळे म्हणत होते ना नाही म्हणा म्हणून! तुमच्या मनात नव्हतं का अध्यक्ष व्हायचं?"

बाकोआ माचावर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "होतं."

बस. थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ लागला. झोपला! तिरियाताला खरंच वाटेना. देशातली सगळ्यात मोठी खुर्ची भाच्याच्या एका शब्दावर सोडून हा माणूस भर दुपारी झोपला. ती बाहेर जाऊन नारळ सोलत बसली आणि गरजेपेक्षा सात नारळ जास्त सोलले.

शुक्रवारी सकाळी तिचं ठरलं. मागता काय त्यालाच येतं? तामुएरा भाचा, म्हणजे ती मामी. नातं दोन्हीकडून सारखंच. जी खुर्ची मागून नेली ती मागून परत आणायची. अर्जाची मुदत चार वाजेपर्यंत होती. बाकोआला न सांगता तिनं चुण्यांचं पोलकं घातलं, किमारोआला हाक मारली आणि दोघी बेटानं वेढलेल्या आतल्या समुद्राच्या कडेनं तामुएराच्या आईच्या घराकडे निघाल्या. वाटेत ती शब्द जुळवत होती. 'बाळा, तुझ्या मामांची खुर्ची परत दे. मी बुबुती करते.' सोपं होतं.

"रडशील का मागताना?" किमारोआनं विचारलं. "थोडी रड. पुरुषांना बरं वाटतं."

"मी कशाला रडू? त्यालाच रडवते."

तामुएराच्या घरासमोर गर्दी बघून दोघी थबकल्या. पहाटेपासून माणसं येत होती. बेटाचा माणूस आता तो होता ना! जे बावीस वर्षं बाकोआच्या माचाशी टेकले होते, ते आता इकडे टेकले होते. एकजण त्याची सायकल हातात धरून बाहेर पडत होता. होडीचं इंजिन आधीच गेलं होतं. छापील सदऱ्यांचं उरलेलं खोकं गेलं होतं, बूट गेले होते. एक म्हातारी त्याचा मासे कापायचा सुरा मागत होती आणि तामुएरा लुंगी नि बनियनवर माचावर बसून, डोळे लाल, सुरा तिच्या हातात ठेवत होता. त्यानं सकाळपासून एकालाही नाही म्हटलं नव्हतं. हे बघून तिरियाताला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटलं.

तिला पाहताच तो उठून उभा राहिला. "या मामी. उशीर केलात, काही उरलं नाही बघा." हसायचा प्रयत्न त्याला जमला नाही. "मागा ना. मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आलात. मागा, मी देतो."

तो तिच्याकडे असा बघत होता, जसं काही ती त्याच्या छातीवरचा धोंडाच उचलायला आली होती. गर्दी बाजूला झाली. तिरियाता माचासमोर बसली, तिनं तोंड उघडलं आणि जुळवलेले शब्द तिच्या तोंडातून निघेनात.

कारण त्या क्षणी तिला पुढचं सगळं दिसलं. ती खुर्ची परत घेऊन जाणार, नवऱ्यासमोर ठेवणार. आणि काल मानेआबात जे झालं त्याचं काय उरणार? काल दिलं, आज बायकोला पाठवून परत घेतलं. तेबाऊ म्हातारा रडला ते फुकट. जे बघून तिच्या अंगावर काटा आला होता, त्याची आपल्याच हातानं थट्टा करायची. बाकोआ ती खुर्ची घेणारच नाही, हेही तिला पक्कं कळलं. पण मग ही खुर्ची तारावातल्या त्या हुशार माणसाच्या हातात जाऊ द्यायची?

"मामी?"

"बुबुती करते मी," तिरियाता म्हणाली. "ती खुर्ची मला दे."

"देतो. मामांना सांगा..."

"मामांचं नाव कुठे घेतलं मी? त्यांनी दिली ती दिली. मला दे म्हणतेय. मला, तिरियाताला. अर्जावर माझं नाव."

किमारोआ मटकन खाली बसली. गर्दीतून कुणी हसलं नाही. सुरा मागून घेतलेली म्हातारी सुरा तसाच धरून तिरियाताकडे बघत राहिली. आणि तिरियाताही चकित झाली होती. हे वाक्य कुठून आलं? घरातून निघताना ते तिच्याकडे नव्हतं, वाटेतही नव्हतं. आता बोलून गेल्यावर मात्र कित्येक वर्षं ते तोंडात धरून बसल्यासारखं वाटत होतं.

तामुएराचा चेहरा पांढरा पडला. मामाला परत द्यायची त्याची तयारी होती. ते म्हणजे चूक पुसणं होतं. हे वेगळं होतं. बारा वर्षं त्यालाही संसदेत बसायचं होतं. काल तो खरं तेच बोलला होता.

"मामी, तारावाला मी काय सांगू?" तो हळूच म्हणाला.

"सांग, मामी आली होती."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिरियातानं एक शब्द बोलून त्याला मदत केली नाही. मग त्यानं हात खाली घेतले आणि म्हणाला, "घ्या."

कालच्याच आवाजात. तोच सपाट, साधा आवाज, बादली देतानाचा. तिरियाताच्या पुन्हा अंगावर काटा आला. तिला वाटायचं, ही नवऱ्याच्या अंगची जादू आहे. ती त्याची एकट्याची नव्हती. या चौतीस वर्षांच्या, पढवून पाठवलेल्या पोरातही ती होती, त्याला स्वतःला ठाऊक नसताना. केवढी माणसं आहेत ही आपली, असं तिच्या मनात आलं आणि आपण पुरुषांना रडवायला निघालो होतो ते विसरून तीच रडायला लागली.

कचेरीत तौनगा कारकून शिक्का पुसत बसला होता. तामुएरानं आपला अर्ज मागे घेतला तेव्हा तौनगा म्हणाला, "म्हणजे बाकोआदादाच," आणि कोरा कागद पुढे ओढला. नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वहिनी, तुम्ही? खरंच?"

"लिही. स्पेलिंग चुकवू नकोस."

"दादांना ठाऊक आहे?"

"तू आधी शिक्का मार." घड्याळात दोन वाजून गेले होते. सूचक म्हणून किमारोआनं आंगठा उठवला, आणि दुसरी सही तामुएरानं केली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

परतताना तिरियाता एकटीच चालत होती. उत्तरेकडच्या वस्तीत विहिरीचं पाणी खारट झालंय, तो प्रश्न पहिल्या अधिवेशनात काढायचा. विमान महिन्यातून दोनदा येतं, ते चारदा आणायचं. तिथे पहिल्या दिवशी उभं राहून काय बोलायचं? की गप्प बसायचं? ती मध्येच थांबली आणि एकटीच हसली. घरी कधी पोचली ते तिला कळलंच नाही.

बाकोआ माचावर उठून बसला होता. बातमी पोचली होती की नाही हे त्याच्या तोंडावरून कधीच कळायचं नाही. तिनं समोर उभं राहून सगळं सांगितलं, एका दमात. बाकोआ गप्प. बत्तीस वर्षांच्या संसारात अशा गप्प बसण्यात तिनं नेहमी काहीतरी बोलून भर घातली होती. आज नाही घातली.

"तिरियाता," शेवटी तो म्हणाला. "मी बुबुती करतो."

एवढ्या वर्षांत या माणसानं कुणाकडे काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. आज मागत होता, आणि तिच्याजवळ मागण्यासारखी एकच गोष्ट होती. जेमतेम तासभर झाला होता ती हातात येऊन. तरी उत्तरेकडची विहीर, ते विमान, तिथे उभं राहायचा तो पहिला दिवस, यांतलं काहीच तिला सोडवेना. तासाभराच्या गोष्टीचं हे दुखणं, मग बावीस वर्षांच्या गोष्टीचं काल त्याला केवढं झालं असेल? हे तिला तेव्हा कळलं, आणि नवऱ्याकडे बघवेना. पण तो मागेल ते आपण देणार, हेही तिला कळत होतं.

"मागा," ती म्हणाली.

"जेवायला वाढ गं. काल दुपारपासून घशाखाली काही उतरलं नाही. रात्रभर डोळाही लागला नाही."

ती बघत राहिली. काल तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि तिनं त्याला झोपला म्हटलं होतं. ती आत गेली, निरफणस आणला, मासे आणले, त्याच्यासमोर मांडले आणि स्वतः मांडी घालून बसली. बाकोआ खाली मान घालून जेवू लागला. त्यानं तीन वेळा मागून घेतलं आणि तिनं तीन वेळा वाढलं.